दापोली-हर्णै रस्त्यावरचा कटरवाला मेस्त्री: जुन्या चेनसॉ दुरुस्तीचा दीड वर्षाचा अनुभव

दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, आसूदच्या आसपास, पत्र्याची एक शेड आहे. तिला पाटी नाही, परंतु बाहेरच्या जांभ्याच्या कठड्याला झिजलेले बार, म्हणजे चेन ज्यांच्या कडेवरून फिरते त्या लांब पट्ट्या, ओळीने टेकवून ठेवलेले असतात आणि त्यावरून ती ओळखता येते. आमच्याकडे चेनसॉला, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीला, बहुतेक जण नुसते 'कटर' म्हणतात, त्यामुळे शेडवाल्यांचे नावही कटरवाले मेस्त्री असेच पडले आहे. गेल्या दीड वर्षात मी त्यांच्याकडे तीन यंत्रे नेली. त्यांपैकी एक त्यांनी पूर्ण उघडून पुन्हा उभे केले, दुसऱ्यात दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नव्हतेच, आणि तिसरे दुरुस्त करण्यास त्यांनी साफ नकार दिला. जुने यंत्र विकत घेऊन ते चालते करावे असा विचार करणाऱ्यांना या तिन्हींचा उपयोग होईल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या पट्ट्यात एवढी जुनी यंत्रे आली कोठून, हे आधी सांगितले पाहिजे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. रस्त्यात, घरावर, विहिरीत, जिकडे पाहावे तिकडे झाडे पडलेली होती आणि कुऱ्हाड-करवतीने ती हटणे शक्य नव्हते. त्या दोन महिन्यांत ज्याला जे मिळाले ते कटर त्याने आणले. कोणी कंपनीचे घेतले, कोणी 58 सीसीचे स्वस्त चिनी घेतले, कोणी घाटावरून भाड्याने आणले. यंत्र हाती आले, पण ते चालवण्याची माहिती सोबत आली नाही. पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने घालणे, बोथट चेन तशीच दाबून चालवणे आणि काम संपल्यावर टाकीतले पेट्रोल तसेच ठेवून यंत्र पडवीत टांगणे हे घरोघरी झाले. आज 'चालू स्थितीत' म्हणून विकायला निघतात ती पुष्कळशी हीच यंत्रे.

मी घेतलेले यंत्र स्टिल (Stihl) कंपनीचे एमएस 381 होते. 72.2 सीसीचे हे व्यावसायिक वापराचे यंत्र आहे आणि आंब्या-फणसाच्या जाड खोडासाठी तेवढी ताकद लागते. माझी हापूसची काही झाडे पन्नाशी उलटलेली असून ती फार उंच गेली आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची जी छाटणी सांगितली आहे ती टप्प्याटप्प्याने करायची होती, आणि दरवेळी भाड्याच्या माणसाची वाट पाहण्याचा मला कंटाळा आला होता. खेडकडील एका विक्रेत्याकडून ते मी 11,500 रुपयांना घेतले. त्याच्या अंगणात ते तिसऱ्या ओढीला सुरू झाले, दोन मिनिटे छान वाजले, आणि मी समाधानाने पैसे दिले. घरी आणून पहिल्याच फांदीवर ते चार-पाच मिनिटे चालले, मग रेस आपोआप चढली, आवाज बारीक झाला आणि ते बंद पडले. गार झाल्यावर पुन्हा सुरू होई, तापले की पुन्हा बंद. विक्रेत्याला फोन केला तेव्हा 'तुम्ही चालवताना काहीतरी केलेत' एवढेच उत्तर मिळाले.

शेडमध्ये मेस्त्रींनी यंत्राला लगेच पाना लावला नाही. त्यांनी ते स्टार्टरच्या दोरीच्या मुठीला धरून उचलले आणि अधांतरी लोंबकळत ठेवले. सिलिंडरमध्ये दाब चांगला असेल तर यंत्र स्वतःच्या वजनाने टप्प्याटप्प्याने, अडत अडत खाली येते. माझे सरळ खाली गेले. नंतर प्लगच्या जागी गेज लावून पाच-सहा वेळा दोरी ओढली, तर काटा 90 पीएसआयवर थांबला. या आकाराच्या निरोगी यंत्रात तो 150 च्या आसपास जायला हवा. तिसरे काम त्यांनी सायलेन्सर काढण्याचे केले. मोजके बोल्ट सुटले, एग्झॉस्टच्या भोकातून पिस्टन समोर दिसू लागला आणि त्यांनी बॅटरी माझ्या हातात देऊन मलाच आत पाहायला सांगितले. पिस्टनच्या अंगावर उभे, खोल ओरखडे होते. एखाद्याने खडबडीत कानशीने वरून खाली ओढावे तसे. रिंग एका जागी ॲल्युमिनियमने लिंपून खाचेत अडकून बसली होती.

यानंतर जे झाले त्यावरून मी या शेडबद्दल माझे मत बनवले. कार्बोरेटर काढून त्यांनी दुसऱ्या बाजूने, म्हणजे पेट्रोल-हवा आत येते त्या बाजूने, पिस्टन दाखवला. ती बाजू स्वच्छ होती. एअर फिल्टर फाटून धूळ आत गेली असती तर या बाजूलाही घासल्याच्या खुणा दिसल्या असत्या, असे त्यांनी सांगितले. आत बोट फिरवले तर ऑइलचा ओलावा होता, त्यामुळे निदान अलीकडे तरी पेट्रोलमध्ये ऑइल घातले जात होते. मग त्यांनी पिस्टनकडे पुन्हा पाहिले आणि हसले. पिस्टन मूळचा नव्हता. तो बाजारात मिळणारा डुप्लिकेट होता आणि त्याच्या माथ्यावर काजळीचा थर जेमतेम धरलेला होता. म्हणजे माझ्याआधी कोणीतरी जळलेला पिस्टन काढून नवा घातला होता आणि तोही जळाला होता.

"काका, पिस्टन का जळला ते आधी बघू. नुसता नवा घातला तर हाही महिनाभरात जळेल," ते म्हणाले.

दोन अश्वशक्तीच्या पंपापासून चार चाकी गाडीपर्यंत आजवर मी अनेक यंत्रे दुरुस्तीला दिली आहेत, पण जळलेल्या भागाऐवजी जळण्याचे कारण शोधणारा कारागीर मला क्वचितच भेटला आहे. कारण शोधण्याची त्यांची पद्धतही पाहण्यासारखी होती. दोन स्ट्रोक इंजिनात क्रँकची, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याची, पेटी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी त्या पेटीत येते आणि तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. पेटीला कोठेही बारीक फट राहिली तर तेथून जास्तीची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन भलतेच तापते आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही कमी पडते. ही फट डोळ्यांना दिसत नाही. मेस्त्रींनी एग्झॉस्टचे आणि कार्बोरेटरचे तोंड स्कूटरच्या ट्यूबचा रबर कापून बंद केले, प्लगच्या भोकात एक नळी घट्ट बसवली आणि त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला लावला चक्क रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा आणि त्याचा गोल काटा. दाबत दाबत काटा 250 वर नेला. तो लगेच उतरू लागला. क्रँकच्या एका टोकावरचे चाक, म्हणजे फ्लायव्हील, आधीच पुलर लावून काढलेले होते. क्रँकच्या त्या टोकावर ब्रशने साबणाचे पाणी फिरवताच ऑइल सीलच्या, म्हणजे क्रँकभोवतीच्या रबरी कड्याच्या, कडेने बारीक बुडबुड्यांची माळ उगवली. अर्धा मिनिट आम्ही दोघे ती पाहत राहिलो. 11,500 रुपयांचे यंत्र दोनदा जाळणारी चूक तांदळाच्या दाण्याएवढी होती. उन्हाने आणि वयाने कडक झालेले एक सील, ज्याची किंमत त्यांनी नंतर 120 रुपये लावली.

दुसऱ्या बाजूचे सील दाबाला टिकले, तरी ते तेवढ्यावर थांबले नाहीत. सीलची ओठाळी कड आतल्या दाबाने क्रँकवर अधिक घट्ट बसते, परंतु आत निर्वात झाला की तीच कड सैल पडू शकते, आणि चालत्या इंजिनात या दोन्ही गोष्टी आलटून-पालटून होत असतात. म्हणून मोटारीच्या ब्रेकचे ऑइल उपसण्याचा जो हातपंप मिळतो तो लावून त्यांनी उलटी चाचणीही घेतली. काटा किंचित हलला, आणि त्यांनी दोन्ही सील बदलण्याचे ठरवले. जे जुने कटर दुरुस्तीला देणार आहेत त्यांनी आपल्या मेस्त्रीला एवढा एकच प्रश्न विचारावा की तुम्ही दाबाची आणि निर्वाताची अशी दोन्ही चाचणी घेता का. त्याच्या उत्तरावरून पुष्कळ काही कळून येईल.

दुसऱ्या बाजूचे सील क्लचमागे असते. तो क्लच काढताना एक गंमत झाली. क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सुटतो, आणि तो फिरवताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरीचा वेटोळा भरून पिस्टन अडवतात. त्यांची नायलॉनची दोरी सापडेना, तेव्हा मी उत्साहाने गाडीतला काथ्याचा सुंभ आणून दिला. त्यांनी तो हातात घेऊन चिमटीत चुरला, पडलेले तंतू मला दाखवले आणि सुंभ परत दिला. आत राहिलेला एक तंतूसुद्धा रिंगखाली जाऊन बसला असता. कोकणी माणसाला काथ्या सर्व कामांना चालतो असे वाटते, ते खरे नाही.

सिलिंडर बदलावे लागेल अशी माझी समजूत होती आणि विक्रीचा विचार करणाऱ्या दुकानदाराने ती तशीच राहू दिली असती. या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर अतिशय कठीण धातूचा मुलामा असतो. पिस्टन जळतो तेव्हा पुष्कळदा मुलामा शाबूत राहून त्यावर पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटलेले असते. न्हाणीघर स्वच्छ करण्याचे ॲसिड कानकोरण्याच्या कापसाने फक्त त्या डागांवर लावले की ॲल्युमिनियम फसफसून विरघळते. मेस्त्री हे काम शेडबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालून करत होते आणि ॲसिडचा एक थेंबही एग्झॉस्टच्या भोकाच्या कडेला जाऊ देत नव्हते, कारण तेथे मुलाम्याखालचे उघडे ॲल्युमिनियम असते आणि ॲसिड तेही खाते. फसफस थांबली की पाण्याने धुवायचे, पुसायचे, नखाने चाचपायचे आणि पुन्हा लावायचे. चौथ्या खेपेला नख कोठेही अडले नाही. त्यानंतर अगदी बारीक पॉलिश कागद तिरक्या रेघांत फिरवून ते काम संपले. सिलिंडर वाचले, आणि माझे निदान दोन-अडीच हजार रुपये वाचले.

पिस्टन मात्र नवा लागला. मूळ कंपनीचा आणि डुप्लिकेट असे दोन्ही भाव त्यांनी सांगितले आणि फरकही सांगितला. मी मूळ कंपनीचा निवडला. तो रत्नागिरीहून मागवण्यात बारा दिवस गेले. रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी त्यांनी ती नुसती सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधील फट पात्यांच्या गेजने मोजली. पिस्टन-पिनची दोन्ही कडी नवी घातली, कारण जुनी कडी काढताना ताण खाते आणि ती आत निसटली तर सारेच सिलिंडर जाते. क्रँकच्या पेटीवर बारच्या बाजूला पांढरट पीठ जमले होते. ही पेटी मॅग्नेशियमची असते आणि आमच्या खाऱ्या हवेत रंग उडाला की ती अशी पिठाळते. ते खरवडून, रंगाचा हात देऊन बंद केले. पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम बदलला. प्लगची फट 0.5 मिलिमीटर ठेवली आणि कॉइल फ्लायव्हीलच्या चुंबकापासून किती अंतरावर बसवायची ते एका छापील व्हिजिटिंग कार्डाने ठरवले. कार्ड मध्ये ठेवायचे, चुंबकाने कॉइल ओढून घेतली की स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचे.

कार्बोरेटरच्या जुळणीसाठी त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता यायला सांगितले. सकाळच्या गारव्यात जुळवलेले यंत्र भर उन्हात वेगळे वागते, असे त्यांचे म्हणणे. शेडमागे फणसाचा एक ओंडका, लाकूड टेकवण्याच्या दोन घोड्यांवर, आडवा ठेवलेला आहे आणि प्रत्येक यंत्राची शेवटची परीक्षा त्याच्यावर होते. पूर्ण रेसला, चेन हवेत असताना, आवाज किंचित अडखळता आणि भरडा यावा. लाकडात टेकवताच तोच आवाज स्वच्छ आणि एकसारखा व्हावा. हवेत असतानाच तो किंचाळल्यासारखा बारीक लागत असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि तो कानाला कितीही दमदार वाटला तरी पिस्टन जळण्याच्या मार्गावर आहे. मी घरी जो 'बारीक आवाज' ऐकला होता तो हाच. पूर्ण रेसचे मिश्रण ठरवणारा एच अक्षराचा स्क्रू ते पाव फेऱ्याहूनही कमी फिरवत, एक काप घेत, पुन्हा फिरवत. रेस सोडल्यावर चेन जागच्या जागी थांबते की नाही हे त्यांनी तीन वेळा तपासले. गेजचा काटा आता 155 दाखवत होता.

चेनच्या बाबतीत त्यांनी माझी थोडी शिकवणीच घेतली. माझ्या यंत्राच्या तीन-अष्टमांश इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला 5.2 मिलिमीटरची गोल कानस लागते, तर लहान यंत्राच्या बारीक चेनला 4 मिलिमीटरची. मी इतकी वर्षे दोन्हींना एकच कानस लावत होतो. कानस 30 अंशांत, आतून बाहेर, दर दाताला सारख्याच वेळा ओढायची. डावीकडच्या दातांना तीन आणि उजवीकडच्यांना पाच ओढी दिल्या तर काप वाकडा जातो. दातापुढची जी बुटकी सोंड असते ती दातापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असावी लागते. ती उंच राहिली तर दात कितीही धारदार असला तरी लाकडाला टेकत नाही, आणि फार घासली तर दात लाकडात रुतून यंत्र झटका देते. धार बरोबर आहे की नाही हे जमिनीकडे पाहून कळते: जाडसर छिलपे पडत असतील तर चेन ठीक, पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबून कानस काढावी. नारळाच्या खोडाची बाहेरची कड इतकी कठीण असते की निसर्ग वादळानंतर दिवसाला दोन-दोन वेळा धार लावावी लागे, हे आमच्याकडे सगळ्यांनी अनुभवले आहे.

या दाताचा आकार मुळात एका अळीवरून घेतलेला आहे. अमेरिकेतील ओरेगनचे लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी 1946 साली एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना जबड्याने डावे-उजवे कातरत चालली होती, आणि तिच्या जबड्यावरून त्यांनी बनवलेली चेन 1947 मध्ये बाजारात आली. आजच्या चेनही त्याच घाटाच्या आहेत. ती अळी लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातली होती आणि आमच्या हापूसची खोडे पोखरणारा खोडकिडाही त्याच कुळातला. एकाच कुळाने झाड मारण्याची आणि झाड कापण्याची अशी दोन्ही सोय करून ठेवली आहे.

माझ्या घरातले लहान यंत्र एमएस 180, 31.8 सीसीचे, फांद्यांपुरते. गेल्या पावसाळ्यानंतर ते सुरू होई पण रेस घेईना. 381 चा अनुभव ताजा असल्यामुळे मी सील, पिस्टन, कार्बोरेटर असे सारे निदान स्वतःच करून शेडमध्ये पोहोचलो. मेस्त्रींनी सायलेन्सर काढून फळीवर आपटला, तेव्हा त्यातून कुंभारमाशीच्या चिखलाच्या घराचे तुकडे पडले. चार महिने पडवीत निवांत टांगलेले यंत्र तिला आवडले असावे. त्यांनी जाळी काजळीसह साफ केली, सायलेन्सर परत लावला आणि 150 रुपये घेतले.

तिसऱ्या यंत्राची हकीकत माझ्या हावरटपणाची आहे. 381 इतके चांगले झाले म्हटल्यावर मला जुनी यंत्रे घेऊन दुरुस्त करवून घेण्याचा नादच लागला. चिपळूण परिसरात जुन्या मालाच्या एका विक्रेत्याकडे 65 सीसीच्या वर्गातले एक यंत्र अवघ्या 4,000 रुपयांना मिळाले. बाहेरून ते नव्यासारखे चकचकीत होते. मेस्त्रींनी प्लग काढून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवले आणि कान जवळ नेला. मग मला कान लावायला सांगितले. जात्यात रेती दळावी तसा आवाज येत होता. स्टार्टरचे झाकण काढले तर पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी, जेथे फडके पोहोचत नाही तेथे, वाळलेल्या पिवळसर गाळाची बारीक रेघ होती. 22 जुलै 2021 च्या वाशिष्ठीच्या पुरात बुडालेली यंत्रे अजून बाजारात फिरतात, हे त्यांनी पूर्वीही पाहिले होते. गाळ एकदा क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला की पेटीचे दोन भाग उघडून सारे बेअरिंग बदलावे लागतात आणि तो खर्च यंत्राच्या मोलाच्या वर जातो. "यात पैसे घालू नका," एवढे बोलून त्यांनी ते बाजूला ठेवले. टाकी, मूठ आणि कार्बोरेटर सुट्या भागांसाठी उपयोगी पडतील म्हणून त्यांनी मला 1,200 रुपये देऊ केले, आणि मी ते घेतले. 2,800 रुपयांचे नुकसान माझे, आणि ते मी विकत घेण्यापूर्वी त्यांना न विचारल्याचे आहे.

इंधनाबद्दल ते फार काटेकोर आहेत, आणि आता तसे असायलाच हवे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या यंत्रांच्या पुस्तिकांत मात्र साधारण 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली असते. इथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेते आणि आमच्या श्रावणातल्या हवेत बाष्पाला तोटा नाही. टाकीत महिनाभर पडलेल्या पेट्रोलमधून पाणी-इथेनॉल तळाशी बसते, ऑइल वरच राहते, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळातून ओढतो. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करायचे, काम संपले की टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटर कोरडा पडून यंत्र बंद पडेपर्यंत चालवायचे. कंपनीचे ऑइल असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, साधे टू-स्ट्रोक ऑइल असेल तर 40. बारसाठी गाडीचे जळके ऑइल वापरण्याची आमच्याकडची सवय त्यांना अजिबात खपत नाही. त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइलचा छोटा पंप खाल्ला जातो, असे ते सांगतात आणि झिजलेला एक पंप मुद्दाम खिळ्याला टांगून ठेवलेला दाखवतात.

आता तक्रारी. पहिली वेळेची. 'आठ दिवसांत देतो' हे शब्द त्यांच्या तोंडून मी तीनदा ऐकले आणि 381 मिळायला प्रत्यक्षात एकेचाळीस दिवस लागले. त्यातले बारा दिवस पिस्टनची वाट पाहण्यात गेले, गणपतीचे दहा दिवस शेड बंद होती, आणि उरलेल्यांचा हिशेब ना त्यांनी दिला ना मी मागितला. फोन ते घेत नाहीत. दुसरी तक्रार बिलाची: सारा हिशेब जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेला असतो. सुटे भाग 3,950 आणि मजुरी 1,800 असे 5,750 रुपये झाले. आकडे मला वाजवी वाटले, आणि काढलेले सगळे जुने भाग त्यांनी न मागता पिशवीत घालून परत दिले, हेही नोंदवले पाहिजे. तरी ज्याला खर्च दाखवण्यासाठी छापील पावती लागते त्याची येथे सोय होणार नाही.

तिसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. 381 परत घेताना मी पुढची ढाल ढकलून चेन-ब्रेक तपासला, तर तो लागला पण चेन हाताने ओढल्यावर सरकत होती. ब्रेकच्या पट्ट्यावर ऑइल बसले होते. त्यांनी तो तेथेच दहा मिनिटांत काढून, साफ करून, नीट केला आणि पैसे घेतले नाहीत. पण मी तपासले नसते तर यंत्र तसेच बागेत आले असते. बारच्या टोकाची वरची कड लाकडाला टेकली की यंत्र उसळून तोंडाकडे येते आणि त्या क्षणी हा ब्रेकच कामाला येतो. शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या निम्म्याहून अधिक यंत्रांची ही ढाल लोकांनी 'मध्ये येते' म्हणून काढून टाकलेली मी पाहिली, आणि मेस्त्री ती तशीच दुरुस्त करून परत देतात. विचारले तर गिऱ्हाईक ऐकत नाही असे उत्तर मिळाले. जो माणूस 120 रुपयांच्या सीलसाठी दोन चाचण्या घेतो, त्याने ढालीशिवाय यंत्र बाहेर न सोडण्याचा नियम करावा, असे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे.

58 सीसीची चिनी यंत्रे ते घेतात, पण क्रँकपर्यंत काम गेले असेल तर स्वतःच नको म्हणतात. इलेक्ट्रिक कटरला ते हात लावत नाहीत.

381 ला आता अकरा महिने झाले. मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी नऊ झाडांची छाटणी त्याच्यावर केली. आधी खालून एक काप, मग थोडे पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलली जात नाही. आणि धारदार चेनने कापलेला तो घाव इतका गुळगुळीत आला की वर बोर्डो पेस्टचा (मोरचूद-चुन्याच्या लेपाचा) हात एकसारखा बसला. गेल्या आठवड्यात सायलेन्सर काढून बॅटरीने पुन्हा आत पाहिले. पिस्टनवर एकही उभी रेघ नाही.

जायचे असल्यास पावसाळ्याच्या तोंडाशी, मे महिन्यात जाऊ नये, कारण तेव्हा सगळा तालुका तेथे रांगेत असतो. दिवाळीनंतरचा काळ बरा. मंगळवारी शेड बंद असते. जुने यंत्र घेण्यापूर्वी ते दाखवायला नेले तर नुसत्या तपासणीचे ते 200 रुपये घेतात. आणि बसने जाणार असाल तर टाकी घरीच रिकामी करून, यंत्र सुरू करून आतले पेट्रोल संपवून, झाकण उघडे ठेवून एक रात्र वाळवून न्यावे. पहिल्या खेपेला मी हे केले नव्हते. वाहकाने माझी पिशवी दोनदा हुंगली आणि मला ती काखोटीला मारून उरलेले तीन किलोमीटर चालत जावे लागले.